आढीतला अ‍ॅव्होकाडो

मे महिन्यात पुतणी ठाण्याहून आली तेव्हा तिच्या पिशवीत चार अ‍ॅव्होकाडो होते, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेला. चारांचे सातशे रुपये. तिच्या बाबांसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांसाठी आणलेले. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतो. एप्रिलमध्ये त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता: एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वाढून १६२. डॉक्टरांनी गोळी दिली, पुतणीनं मोबाइलवर काय काय वाचलं, आणि सातशे रुपयांचं औषध कणकवलीला गाडीतून उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यातला एक आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, धरला. कच्च्या नारळाच्या सोडणात कोयती रुतावी तसं पातं मध्येच रुतलं. कसाबसा चिरला तर आत फिकट, रबरासारखा गर, चवीला कडवट. सासूबाईंनी एक फोड तोंडात घातली आणि निकाल दिला, "गोड नाय, आंबाट नाय, मगे ह्येका फळ कित्याक म्हणूचा?"

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात असले प्रश्न शेवटी माझ्याच पदरात पडतात. पावणेदोनशे रुपये वाया गेल्यावर मग मी नीट बसून वाचलं.

पहिली गोष्ट त्या वाया गेलेल्या फळाची. अ‍ॅव्होकाडो झाडावर मऊ होतच नाही. हापूस झाडावर राहिला तर पिकून पडतो तरी, हा मात्र तयार झाला तरी फांदीवर कडकच लटकतो आणि तोडल्यानंतर पिकायला लागतो. पिकवणारा वायू तोच, इथिलीन, जो आंबा आणि केळी स्वतःच सोडतात. म्हणजे आमच्या माळ्यावर मे महिन्यात त्याच्यासाठी सगळी सोय आधीच होती. उरलेले तीन मी गवतात, आंब्यांच्या आढीत खुपसले. चौथ्या दिवशी देठाजवळ बोटानं दाबलं तर लोण्याच्या गोळ्यासारखं जरासं आत गेलं. दाबूनच बघायचं, रंगावर जाऊ नये. बाजारात जास्त दिसणारी हास जात पिकली की काळपट होते, पण कूर्ग, केरळकडची मोठी गुळगुळीत फळं पिकल्यावरही हिरवीच राहतात. आणि कडक फळ फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. थंडीत पिकण्याची क्रिया अडते आणि आतून गर काळा पडतो. मऊ झाल्यावर मग दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये चालतो.

आता सासूबाईंचा प्रश्न. फळ गोड का नाही? बहुतेक फळं वाढता-पिकताना साखर साठवतात, अ‍ॅव्होकाडो झाडावर वाढताना चरबी साठवतो. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम चरबी, साखर १ ग्रॅमहूनही कमी. तेवढ्याच आंब्यात साखर १४ ग्रॅमच्या आसपास, आणि चरबी नावापुरती. हिशेबाची दुसरी बाजूही बघून ठेवा: १०० ग्रॅम आंबा ६० कॅलरी, अ‍ॅव्होकाडो १६०. पुतणी म्हणत होती, "काकी, यानं वजन उतरतं." तिला मी हेच दोन आकडे दाखवले. (मोठ्या हिरव्या जातींत पाणी जास्त, चरबी कमी, त्यामुळे त्यांचा आकडा १२०च्या आसपास येतो. चवही पाणचट.)

बाकी हे फळ आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं, पण कुळ दालचिनीचं आणि तमालपत्राचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली 'कोकण तेज' दालचिनी ज्यांच्या नारळीबागेत आहे, त्यांच्याकडे अ‍ॅव्होकाडोचं चुलतं भावंड आधीच उभं आहे.

तर सगळा मामला त्या १५ ग्रॅम चरबीचा. त्यातली साधारण ९ ग्रॅम एकाच प्रकारची, ओलेइक आम्ल नावाची. ऑलिव्हच्या तेलात असतं ते हेच. हे चांगलं का, हे कळायला रसायनशास्त्र थोडं लागतं, पण ते आमच्या अंगणातल्या खराट्यावरूनही कळतं.

नारळाच्या झावळीचे हीर काढून खराटा बांधताना सरळ हीर एकमेकांना चिकटून घट्ट बसतात. त्यांत वाकडे हीर आले तर मध्ये फटी राहतात आणि मूठ ढिली होते. चरबीच्या रेणूंचंही तसंच. संपृक्त चरबीचे रेणू सरळ हिरासारखे, एकमेकांना लागून बसणारे, म्हणून ती चरबी घट्ट. ओलेइकच्या हिराला मध्यावर एक वाक असतो, म्हणून ते पातळ. हा एवढासा वाक काय करतो बघा. स्टिअरिक आम्ल आणि ओलेइक आम्ल, दोघांत कार्बनचे अणू १८च. स्टिअरिक सरळ, ते वितळायला ६९ अंश सेल्सिअस लागतं. ओलेइकला तो एक वाक, तर ते १३-१४ अंशांनाच पातळ. टाचेच्या भेगांना लावतो त्या कोकमतेलाच्या गोळ्यात स्टिअरिक निम्म्याहून जास्त, म्हणून तो मे महिन्याच्या उकाड्यातही गोळाच राहतो. खोबरेल तेलातले हीर सरळच, पण आखूड. म्हणून ते २४ अंशांना वितळतं आणि जानेवारीत सकाळी बाटलीतून बाहेर यायचं नाव घेत नाही.

इथे एक गैरसमज लगेच खुडून टाकते, कारण तो अण्णांनाही झाला. बाटलीत गोठणारं तेल नसांतही गोठतं, असं नाही. आपलं अंग ३७ अंशांवर असतं आणि चरबी रक्तात अशी मोकळी वाहतही नाही. गडबड वेगळ्या ठिकाणी होते, यकृतात.

कोलेस्टेरॉल रक्तातून होड्यांतून फिरतं असं समजा. एलडीएल म्हणजे माल भरलेल्या होड्या. यकृत हे बंदर. तिथे धक्के असतात, होडी धक्क्याला लागली की माल उतरतो आणि होडी समुद्रातून कमी होते. आहारात संपृक्त चरबी जास्त झाली की यकृत हे धक्केच कमी करतं. होड्या तेवढ्याच, लागायला जागा नाही, मग त्या रक्तात तरंगत राहतात आणि त्यांतल्या काही रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरून बसतात. वर्षानुवर्षं असं झालं की तिथे गाळ साठतो. संपृक्त चरबीच्या जागी ओलेइकसारखी वाकडी चरबी आली की धक्के पुन्हा वाढतात आणि एलडीएल उतरतं. (स्टिअरिक सरळ असूनही एलडीएल फारसं चढवत नाही, हा या गोष्टीतला अपवाद. निसर्गाला आमच्या उपमा पाळायची सक्ती नाही.)

'च्या जागी' हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी संशोधनं त्यांच्यावरच फिरतात.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठानं २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेली ४५ माणसं. प्रत्येकाला पाळीपाळीनं तीन आहार, प्रत्येकी पाच आठवडे, जेवण संशोधकांनीच पुरवलेलं. एक आहार कमी चरबीचा. दुसरा मध्यम चरबीचा, त्यात ओलेइकवालं तेल. तिसऱ्यातही चरबी तेवढीच, पण त्यासाठी रोज एक अ‍ॅव्होकाडो. एलडीएल उतरलं ते (रिपोर्टात असतं तसं, १०० मिलिलिटर रक्तामागे) पहिल्यात ७.४, दुसऱ्यात ८.३ आणि तिसऱ्यात १३.५ मिलिग्रॅम. म्हणजे तेलातून तीच चरबी मिळूनही फळानं थोडं जास्त काम केलं. बहुधा कारण हे, की फळात चरबीबरोबर तंतूही येतात आणि कोलेस्टेरॉलसारखीच ठेवण असलेले स्टेरॉलही. हे स्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलच्या आधी जागा पकडून बसतात, एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसे.

हे वाचून अण्णा खूश. पण त्याच फळाचा दुसरा, बराच मोठा प्रयोग २०२२ मध्ये आला. हजारावर माणसं, सहा महिने. निम्म्यांना सांगितलं, रोज एक मोठा अ‍ॅव्होकाडो खा, बाकी जेवण तुमचं तुम्ही बघा. मुख्य प्रश्न पोटातली चरबी कमी होते का, हा होता. झाली नाही. वजनही उतरलं नाही, वाढलंही नाही. एलडीएलमध्ये फरक फक्त २.५ मिलिग्रॅमचा. दोन्ही प्रयोगांना पैसा हास अ‍ॅव्होकाडो बोर्डाचा होता, म्हणजे हे फळ खपवणाऱ्यांचा. त्यामुळे पहिला निकाल वाचताना मी जरा भुवया उंचावल्या होत्या. पण दुसरा त्यांच्या सोयीचा नसूनही छापला गेला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

एका प्रयोगात १३.५, दुसऱ्यात २.५, असं का? मला दिसतं ते कारण साधं आहे. पहिल्यात पूर्ण ताट बदललं होतं, संपृक्त चरबी काढून तिच्या जागी फळ ठेवलं होतं. दुसऱ्यात ताट तेच, फळ वरून ठेवलं. त्याच वर्षी हार्वर्डच्या संशोधकांनी १ लाख १० हजारांवर अमेरिकी परिचारिका आणि आरोग्य क्षेत्रातल्या पुरुषांची ३० वर्षांची माहिती तपासली. आठवड्याला निदान दोनदा अर्धा अ‍ॅव्होकाडो खाणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार १६ टक्के कमी दिसले. अर्थात जो अमेरिकेत अ‍ॅव्होकाडो खातो तो बहुधा चालायलाही जातो, भाज्याही खातो. तो फरक गणितानं वजा करायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण वजा होत नाही. त्यातही फायदा जास्त उठून दिसला तो लोणी, चीज, अंडं किंवा प्रक्रिया केलेलं मांस यांच्या जागी अ‍ॅव्होकाडो आला असता तर, या हिशेबात. परत तेच दोन शब्द.

मग आपल्या ताटात तो कशाच्या जागी येणार? इथे अण्णांचा चेहरा पडला, कारण उत्तर माडाकडे जातं.

नारळाच्या चरबीतला ८० टक्क्यांहून जास्त भाग संपृक्त. खोबरेल तेलावर झालेल्या १६ प्रयोगांचा एकत्र हिशेब २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शेंगदाणा, सूर्यफूल अशा तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलानं एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमनं जास्त. 'चांगलं' म्हणतात ते एचडीएलही थोडं वाढतं, पण त्यानं वाढलेल्या एलडीएलची भरपाई होते असं कोणी सिद्ध केलेलं नाही. "आमच्या आज्यान जल्मभर नारळ खाल्लो, नव्वदीक गेलो," अण्णा म्हणाले. खरं आहे. आजोबा पहाटे माडावर चढायचे, नांगर धरायचे, आणि त्यांच्या कालवणात खोबरं होतं, तळणात खोबरेल तेल नव्हतं. ओल्या खोबऱ्यात तंतू असतात, तेलात एकही नाही. मी नारळ सोडा म्हणत नाही. मालवणात राहून तसं म्हणणारीला जेवायला कोण वाढेल? पण ज्याचं एलडीएल १६२ आहे त्यानं फोडणीचं तेल बदलावं आणि सोलकढीची तिसरी वाटी विचार करून घ्यावी.

आणि ओलेइकसाठी सातशे रुपये ठाण्याला द्यायची तशी गरज नव्हती. आपल्या काजूगरातली निम्म्याहून जास्त चरबी ओलेइकच आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातली कलमं ज्यांच्या जमिनीत आहेत, त्यांच्याकडे हे तेल डोंगरउतारावर पिकतं. शेंगदाण्यातही निम्मी चरबी तीच. फरक इतकाच की काजूत १०० ग्रॅमला साडेपाचशे कॅलरी, पाणी जवळजवळ नाही, त्यामुळे मूठभर खाऊन कळतच नाही. अ‍ॅव्होकाडोत चारातले तीन हिस्से पाणी आणि जवळजवळ ७ ग्रॅम तंतू, त्यामुळे अर्ध्यातच पोट भरल्यासारखं होतं. खारवलेले तळलेले काजू मात्र या हिशेबात धरू नका.

दुसरा फायदा मला जास्त आवडला, कारण त्यानं आजीच्या स्वयंपाकाची बाजू घेतली. गाजर, लाल भोपळा, टाकळा, शेवग्याचा पाला यांतले रंग, ज्यांतल्या काहींचं पुढे अ जीवनसत्त्व होतं, ते पाण्यात विरघळत नाहीत, चरबीतच विरघळतात. नुसती उकडलेली भाजी खाल्ली तर बराचसा रंग पोटातून तसाच पुढे जातो. ओहायो स्टेट विद्यापीठानं २००५ मध्ये मोजलं: गाजर-पालेभाजीच्या सॅलडमध्ये १५० ग्रॅम अ‍ॅव्होकाडो घातला तर त्यातलं बीटा कॅरोटिन १५ पट जास्त शोषलं गेलं. आकडा ऐकून अ‍ॅव्होकाडो विकणारे नाचले असतील. पण त्याच प्रयोगात फळाऐवजी तेवढंच अ‍ॅव्होकाडोचं नुसतं तेल घातलं, तरी परिणाम तसाच आला. म्हणजे करामत चरबीची. पावसाळ्यात टाकळ्याच्या भाजीवर सासूबाई मूठभर ओलं खोबरं पखरतात, ते नुसतं चवीपुरतं नसतं. चरबी कुठली का असेना, थोडी असली की भाजीतला रंग अंगी लागतो.

पोटॅशियमची गोष्ट आमच्याकडे विशेष लागू पडते. सुकट, खारवलेला बांगडा, खारातली कैरी, मीठ लावून वाळवलेली आमसुलं... आमचं सगळं पावसाळी खाणं मिठात मुरलेलं. पोटॅशियम आलं की मूत्रपिंडं जास्तीचं सोडियम बाहेर टाकतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. अ‍ॅव्होकाडोच्या १०० ग्रॅममध्ये ते ४८५ मिलिग्रॅम, केळ्यात ३५८. प्रौढ माणसाला दिवसाला साडेतीन हजार तरी हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एकट्या फळानं भागणार नाही, आणि सुकट कमी न करता तर नाहीच.

मधुमेहवाल्यांना साखर जवळजवळ नसलेलं फळ म्हणून ते बरं पडतं. गरोदरपणात लागणारं फोलेटही बऱ्यापैकी आहे, १०० ग्रॅमला ८१ मायक्रोग्रॅम.

काहींनी मात्र जपून. ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत, त्यांना तेच पोटॅशियम घातक ठरू शकतं. ते रक्तात साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर अचानक रोज अ‍ॅव्होकाडो सुरू करू नका. त्यातल्या के जीवनसत्त्वाचा त्या गोळीशी उभा दावा असतो, आणि अ‍ॅव्होकाडोमुळे गोळीचा परिणाम कमी झाल्याच्या नोंदी आहेत. रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी अंगाला खाज सुटते, अशा काहींना अ‍ॅव्होकाडो, केळं, किवी यांचीही अ‍ॅलर्जी असते, कारण रबराच्या चिकातली काही प्रथिनं आणि या फळांतली प्रथिनं सारखी दिसतात.

उरलेले तीन आम्ही असे खाल्ले: आडाळ्यावर उभा चिरून, बाठ्याभोवती फिरवून, दोन्ही वाट्या वेगळ्या केल्या. (तळहातावर धरून सुरीचं टोक बाठ्यात खुपसू नका, हात कापतो.) गर चमच्यानं काढून ठेचला, त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ जरासंच. लिंबू चवीला तर आहेच, पण गर हवेत काळा पडतो, ते करणारं विकर आंबटात मंदावतं. कापलेल्या सफरचंदाचं होतं तसंच ते. बाठा वाटीत ठेवला की गर काळा पडत नाही म्हणतात, त्यात अर्थ नाही. बाठ्याखाली झाकलेला गर तेवढा वाचतो. तांदळाच्या गरम भाकरीवर लोण्याऐवजी हे लावलं तर अण्णांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. सासूबाईंनी साखर घालून खाल्लं आणि मग कबूल केलं, "आता जरा फळासारख्या लागता."

जुलैअखेर अण्णांचा रिपोर्ट आला, एलडीएल ११८. पुतणीचा फोन आला, तिला वाटलं तिचे अ‍ॅव्होकाडो. तीन फळं मेमध्येच संपली होती. गोळी रोज चालू होती, फोडणीला शेंगदाणा तेल आलं होतं आणि संध्याकाळच्या कांदाभजी बंद होत्या. डॉक्टरांनी श्रेय गोळीला दिलं, मीही देते.

बाठे सासूबाईंनी मागीलदारी फुटक्या घागरीत पुरले होते. दोन महिन्यांनी त्यांतला एक रुजला. बाठ्यापासून आलेलं झाड म्हणजे रायवळच. फळ आईसारखं निघेल याचा भरवसा नाही, आणि धरायला पाच-दहा वर्षं सहज जातात. लावायचंच तर कलम बघावं, आणि उतारावर, कारण याच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या पावसात सपाटीवर मुळं कुजतात.

पण त्याहून आधीची काळजी वेगळी निघाली. अ‍ॅव्होकाडोच्या पानांत, सालीत पर्सिन नावाचं विष असतं. माणसाला पिकलेल्या गरातून त्याचा त्रास होत नाही, पण शेळी, गाय, घोडा, पक्षी यांना होतो. दुभत्या शेळीनं पाला खाल्ला तर कास सुजते, दूध आटतं, जास्त खाल्ला तर हृदयावर येतं. आमच्या गोठ्यात दोन शेळ्या, त्यातली एक नुकतीच व्यायलेली आणि नवं काही दिसलं की पहिलं तोंड तिचंच. घागर आता न्हाणीघराच्या पत्र्यावर आहे. शिडी लावून पाणी घालावं लागतं, आणि ते काम अण्णांकडे आहे.